ओळंब्याची साक्ष

वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला विल्यम लॅम्बटनची कबर आहे. १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून त्याने उपखंडाच्या मापनाला आरंभ केला आणि १८२३ मध्ये, ते काम अर्ध्यावर असतानाच, हिंगणघाटला त्याचा अंत झाला. उत्तरेकडची मोजणी पुढे जॉर्ज एव्हरेस्टने नेली. या मोजणीचा हेतू भूमीची लांबी-रुंदी आणि पृथ्वीचा आकार जाणण्याचा होता. भूमीच्या पोटात काय आहे, हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. तो उपस्थित झाला एका न जुळणाऱ्या आकड्यातून.

माळव्यातले सिरोंजजवळचे कल्याणपूर आणि मुझफ्फरनगरजवळचे कलियाना ही दोन ठाणी. त्यांच्या अक्षांशांतला फरक दोन रीतींनी काढला गेला: एकदा जमिनीवर त्रिकोण मांडून आणि एकदा ताऱ्यांचे वेध घेऊन. दोन्ही उत्तरे सुमारे ५.४ अंशांची. पण ताऱ्यांनी दिलेला फरक ५.२३६ विकलांनी कमी भरला. जमिनीवर हे अंतर जेमतेम १६० मीटर होते. एव्हरेस्टने ते मोजणीतले स्खलन मानले आणि साऱ्या त्रिकोणांत वाटून टाकले. पोथीतला अडचणीचा पाठ लेखनिकाची चूक समजून संपादकाने सुधारून घ्यावा, तसेच हे झाले. पाठचिकित्सेचा अभ्यास केलेल्यांना ठाऊक असते की पुष्कळदा तोच पाठ मूळचा असतो.

या आकड्याकडे पुन्हा पाहिले ते कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन हेन्री प्रॅट यांनी. धर्मोपदेशक असले तरी ते गणितातही निष्णात होते. वेध घेताना ऊर्ध्व दिशा ठरते ती ओळंब्यावरून. शेजारी हिमालयाएवढे वस्तुमान असेल तर ओळंबा त्याच्याकडे किंचित ओढला जाणार, आणि पर्वताच्या अधिक जवळ असलेल्या कलियानाला ही ओढ जास्त असणार. मग फरकाचे मूळ मोजणाऱ्याच्या हातात शोधायचे कारण नव्हते. पण प्रॅट यांनी पर्वताचे आकर्षण गणिताने काढले, तेव्हा दोन ठाण्यांमधला फरक १५.८८५ विकला यायला हवा होता. प्रत्यक्षात होता त्याचा तिसरा हिस्सा. म्हणजे प्रश्न उलटाच झाला: हिमालय इतका कमी का ओढतो?

प्रॅट यांचा निबंध १८५५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी इंग्लंडचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनी उत्तर मांडले. पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यांपैकी जो अधिक वर दिसतो, तो तितकाच खोल बुडालेला असतो. पर्वतांचेही तसेच: हलक्या खडकांची मुळे खालच्या जड थरात खोल रुतलेली असतात. प्रॅट यांना हे पटले नाही. पुढे त्यांनी निराळे स्पष्टीकरण दिले: एका ठरावीक खोलीपर्यंत प्रत्येक स्तंभाचे वजन सारखेच असते, जिथे द्रव्य विरळ, तिथे भूमी उंच. या संतुलनाला आज समस्थायित्व म्हणतात.

पुरावा एक आणि वाचने दोन, अशी ही स्थिती होती. पुरावा वाढवण्यासाठी जेम्स बेसेव्ही लंबक घेऊन उपखंडभर हिंडला. लंबकाच्या आंदोलनकालावरून त्या त्या जागेचे गुरुत्व कळते. लडाखमध्ये सुमारे १५,००० फुटांवरच्या मोरे पठारावर त्याला गुरुत्व अपेक्षेपेक्षा कमी आढळले. पर्वताखाली द्रव्याची उणीव आहे, याची ती साक्ष होती. त्याच मोहिमेत, जुलै १८७१ मध्ये, लडाखच्या त्या उंचीवरच त्याचा मृत्यू झाला.

तरीही निवाडा लंबकाने झाला नाही, आणि होणारही नव्हता. गुरुत्वाचे माप द्रव्याचा एकंदर परिणाम सांगते; ते द्रव्य किती खोल आणि कोणत्या आकारात आहे, हे त्यावरून एकमेव रीतीने ठरत नाही. पुढे भूकंपलहरींच्या अभ्यासातून तिबेटखालचे कवच सुमारे ७० किलोमीटर जाड, म्हणजे सामान्य खंडीय कवचाच्या जवळजवळ दुप्पट आहे, असे दिसले. हिमालयापुरते एअरींचे वाचन बव्हंशी खरे ठरले. महासागरांच्या मध्यावरील पर्वतरांगांना मात्र प्रॅट यांचेच स्पष्टीकरण अधिक लागू पडते.

हीच मर्यादा महाराष्ट्रातही प्रत्ययाला आली. दख्खनचा बेसाल्ट खालचे सारे काही झाकून टाकतो. म्हणून त्याखालचे खडक समजण्यासाठी गुरुत्वमापनाचा आधार घेतला गेला. कोयना आणि कुर्डुवाडी भागांत गुरुत्व कमी भरले. १९७०च्या दशकात काही संशोधकांनी तिथे लाव्ह्याखाली गाडलेल्या प्राचीन खचदऱ्या असाव्यात असे अनुमान केले. १९६७च्या कोयना भूकंपानंतर अशा अनुमानांना केवळ तात्त्विक महत्त्व उरले नव्हते. अलीकडच्या दशकात कोयना परिसरात खोल छिद्रे घेतली गेली. त्यांपैकी ३ किलोमीटर खोल छिद्रात सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसाल्ट संपला आणि थेट ग्रॅनिटी पाषाण लागला. गाडलेल्या दरीत अपेक्षित असावा असा गाळाचा थर मध्ये नव्हता. गुरुत्वाचा आकडा खोटा नव्हता. पण त्याचा अर्थ पुन्हा लावणे भाग पडले.

लॅम्बटन, एव्हरेस्ट आणि त्यांच्या साहाय्यकांची मोजणी इतकी काटेकोर नसती, तर ५.२३६ विकला स्खलनांच्या गर्दीत दिसल्याच नसत्या. आणि प्रॅट यांनी त्या वाटून टाकण्याला हरकत घेतली नसती, तर दिसूनही उपयोग झाला नसता. संहितेशी प्रामाणिक राहण्याचे हे दोन्ही अर्थ आपल्याही व्यवसायाला परके नाहीत.