कावसजीचे नाक आणि पुण्याची शस्त्रक्रिया

लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात पुणे परिसरातील एका शस्त्रक्रियेचे सचित्र वर्णन छापून आले आणि नासासंधानाच्या, म्हणजे कापलेले नाक नव्याने घडवण्याच्या, हिंदुस्थानी पद्धतीकडे युरोपातील शल्यविशारदांचे लक्ष गेले. ज्याच्यावर ती झाली तो कावसजी इंग्रज सैन्यात बैल हाकीत असे; नाव पारशी वाटले, तरी त्या लेखात त्याची जात मराठा शेतकऱ्याची सांगितली आहे. १७९२ च्या युद्धात तो टिपू सुलतानाच्या हाती सापडला, तेव्हा त्याचे नाक व एक हात कापण्यात आला, आणि सुमारे वर्षभर नाकाविना काढल्यावर विटा पाडणाऱ्या जातीतील, बहुधा कुंभार असलेल्या, एका कारागिराने त्याला नवे नाक बसवून दिले.

नाकाच्या थोटकावर मेणाचा पातळ पत्रा बसवून माप घ्यायचे, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, त्याच्या कडेने रेघ ओढून तेवढी कातडी सोडवायची, पण दोन डोळ्यांमधला तिचा देठ शाबूत ठेवायचा, असा या शस्त्रक्रियेचा क्रम होता. या देठातून रक्त मिळत राहिल्यामुळेच पिळून खाली वळवलेली कातडी जिवंत राही. ती टाक्यांऐवजी पाण्यात कालवलेल्या काताच्या पट्ट्यांनी चिकटवीत. भूल देण्याची सोय नसलेल्या त्या काळात रुग्णाला पाच-सहा दिवस उताणे पडून राहावे लागे, दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालीत आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास देठ तोडला जाई. नवे नाक पक्के बसते, जवळजवळ नैसर्गिक दिसते आणि कपाळावरचा वण कालांतराने फारसा जाणवत नाही, असे वृत्तान्तात म्हटले आहे.

सुश्रुतसंहितेत झाडाच्या पानाने माप घेऊन गालाची कातडी वापरण्यास सांगितले आहे, तर येथे ती कपाळाची आहे. त्यामुळे हा कारागीर ग्रंथ वाचून शस्त्र चालवीत होता असे मानण्यापेक्षा हाताखाली शिकवल्या जाणाऱ्या कसबाचा तो वारसदार होता, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. शस्त्रक्रिया पाहणाऱ्या क्रूसो आणि फिंडले या इंग्रज डॉक्टरांची नावे नोंदली गेली, कावसजीचे चित्र काढणारे जेम्स वेल्सही ज्ञात आहेत, मात्र ज्याने नाक घडवले त्याचे नाव कोणी विचारल्याचे दिसत नाही. हा दोष विस्मरणाचा नसून नोंद करणाऱ्यांच्या दृष्टीचा आहे.

लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू यांनी आधी मृतदेहांवर सराव करून १८१४ मध्ये हीच पद्धत वापरली आणि १८१६ मध्ये तिच्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. घाव झालेल्या नाकाऐवजी धडधाकट पण मनाजोगते नसलेले नाक बदलण्याचा प्रघात पुष्कळ उशिरा पडला. अमेरिकेत जॉन ऑर्लँडो रो यांनी १८८७ मध्ये बाहेर वण न ठेवता नाकपुडीतून शस्त्र घालण्याची रीत मांडली आणि बर्लिनच्या जॅक जोसेफ यांनी १८९८ पासून नाकाचे रूप बदलण्याची ही शाखा नावारूपाला आणली. या दुसऱ्या प्रकारात हाड व कूर्चा, म्हणजे नाकाला आकार देणारे लवचिक अस्थिसदृश ऊतक, घडवले जाते, तर पुण्याच्या पद्धतीत आत असा कोणताही आधार बसवला जात नसे, हीच तिची खरी मर्यादा होती. तरीही कर्करोगामुळे नाकाचा मोठा भाग काढावा लागल्यास कपाळाची कातडी देठासह खाली आणून सुमारे तीन आठवड्यांनी देठ तोडण्याची शस्त्रक्रिया शल्यविशारद आजही करतात.