शिवराईचें तांबें

भोर व वेल्हें ह्या दोन तालुक्यांच्या डोंगरांत तांब्याची खाण नाहीं, आणि ती कधींहि नव्हती. हें आरंभींच सांगून टाकण्याचें कारण असें कीं, ज्या मावळांत तोरणा आणि राजगड उभे आहेत त्या मावळाच्या पोटांत शिवछत्रपतींच्या नाण्याचा धातुहि असलाच पाहिजे, अशी एक गोड समजूत आमच्या कित्येक सुशिक्षित स्नेह्यांचीहि आहे. वरंध घाटाच्या वाटेनें जातांना काळ्या कातळाच्या दोन थरांमध्यें विटकरी रंगाचा पट्टा दिसतो. त्याकडे बोट करून 'हें तांबें' म्हणून सांगणारेहि भेटतात. पट्टा तांबडा आहे खरा. पण तो तांबडेपणा लोखंडाच्या गंजाचा आहे. लाव्ह्याचा एक थर निवल्यावर दुसरा येईपर्यंत जो काळ लोटला त्यांत खालच्या थराच्या माथ्याची माती झाली, आणि वरून आलेल्या तप्त रसानें ती भाजून निघाली, एवढाच त्या पट्ट्याचा इतिहास.

मग जी वस्तु नाहींच तिच्यावर लेख कशाला, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, खाण नव्हती तरी नाणें होतें, आणि तें दोन शतकांहून अधिक काळ चाललें. शिवराईच्या एका बाजूस 'श्री राजा शिव' व दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' हीं अक्षरें. अक्षरें आमचीं, धातु कोठला? ह्या प्रश्नाचा निवाडा प्रथम भूगर्भशास्त्राकडे आणि मग इतिहासाकडे मागावा लागतो.

तांबें पृथ्वीच्या पोटांत नाना रीतींनीं सांठतें. त्यांतील एक रीत गाळाच्या खडकांतली, आणि जगांतील तांब्याचा सुमारें पांचवा हिस्सा तिच्या खातीं पडतो. ती समजण्यास स्वयंपाकघरांतला अनुभव पुरेसा आहे. कल्हई उडालेल्या तांब्याच्या भांड्यांत ताक किंवा आमटी राहिली तर ती कळकते, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. आंबट व खारट पाणी तांबें आपल्यांत ओढून घेतें. भूगर्भांतहि असेंच कांहीं घडतें. आटून गेलेल्या समुद्राच्या मिठानें खारावलेलें ऊन पाणी तांबड्या वाळूच्या थरांतून फिरत असतां त्या वाळूंतला तांब्याचा अंश उचलतें. पुढें त्याची गांठ कुजलेल्या जीवांनीं भरलेल्या काळ्या चिखलाच्या थराशीं पडली, कीं तेथील गंधकाशीं संयोग पावून तें तांबें तेथेंच बसतें. तांबडी वाळू, मीठ व काळा चिखल ह्या तिघांचा शेजार जुळावा लागतो, आणि तो फार थोड्या ठिकाणीं जुळला आहे.

जर्मनींतील मान्सफेल्ड हें त्या थोड्या ठिकाणांपैकीं एक. तेथें काळ्या पाटीसारखा एक थर आहे. पंचवीस कोटि वर्षांपलीकडच्या उथळ समुद्राच्या तळीं तो बसला. जाडी बहुधा हातभर, पण विस्तार इंग्लंडापासून पोलंडापर्यंत. बाराव्या शतकाच्या अखेरीस त्या थराची खणती सुरू झाली ती १९९० सालीं थांबली, म्हणजे जवळजवळ आठशें वर्षें चालली. थर इतका पातळ कीं मजुरास कुशीवर पडून छिन्नी चालवावी लागे, आणि जन्मभर तसें काम करून त्याची मान वांकडी होई. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर ह्याचा बाप ह्याच तांब्याच्या धंद्यासाठीं १४८४ त मान्सफेल्डास येऊन राहिला होता. पोलंडच्या बाजूस हा थर जमिनीखालीं फार खोल गेला आहे. तेथें तो १९५७ सालीं हातीं लागला, आणि तेथील खाणी आजहि चालू आहेत.

आतां हा ताळा सह्याद्रीस लावून पाहा. तोरण्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारें १,४०० मीटर. पायथ्याच्या वेल्ह्यापासून झुंजार माचीपर्यंत चढून जा. सारा दगड एकाच जातीचा, अग्निरसाचा काळा फत्तर. साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून उसळलेल्या रसाचे थरांवर थर चढले. त्यांतून झिजून उरला आहे तेवढ्याचाच विस्तार पांच लक्ष चौरस किलोमीटर भरतो. ह्यांत आटलेल्या समुद्राचें मीठ कोठून येणार, आणि काळा चिखल तरी कोठून? बरें, फत्तराच्या खालीं कांहीं दडलें असेल म्हणावें, तर कोयनेच्या भूकंपांचा छडा लावण्यासाठीं चालू शतकांत तेथें जीं खोल विंधणें घेतलीं त्यांनीं त्याचेंहि उत्तर दिलें आहे. शेंकडों मीटर, कांहीं ठिकाणीं १,२५० मीटरपर्यंत, फत्तर ओलांडल्यावर खालीं एकदम पुरातन ग्रॅनाइट व त्याचे भाऊबंद लागले. मध्यें गाळाचा थर लागला नाहीं. कोयना भोरच्या दक्षिणेस आहे, पण पठार एकच. भोरच्या खालीं तेंच चित्र धरण्यास आम्हांस हरकत दिसत नाहीं.

येथें एखादा चौकस वाचक आक्षेप घेईल कीं, अमेरिकेंत सुपीरियर सरोवराच्या कांठीं किवीनॉ येथें असल्याच लाव्ह्याच्या फत्तरांत शुद्ध तांब्याचे गोळे सांपडले, त्याची वाट काय? आक्षेप रास्त आहे. त्या एका टापूनें १८४५ पासून १९६८ पर्यंत पन्नास लक्ष टनांच्या आसपास तांबें दिलें. शेजारीं व्हाइट पाइन येथें गाळाच्या करड्या थरांतहि तें शिरलेलें होतें. परंतु तो लाव्हा एकशेंदहा कोटि वर्षांचा. त्याच्यावर गाळाचें प्रचंड ओझें चढलें, तो खोल दडपला गेला, आणि त्या उष्णतेंत फिरणाऱ्या पाण्यानें फत्तरभर विखुरलेलें तांबें वेंचून भेगांत आणून सांठविलें. तोरण्यावर असलें ओझें चढलें नाहीं. त्याच्या दगडाच्या पोकळ्यांत भरल्या त्या गारगोट्या आणि पांढरे स्फटिक. तांबें त्या दगडांत मुळींच नाहीं असेंहि नव्हे. दहा लक्ष भागांत शें-दोनशें भाग असतेंच. हिशेब करून पाहावा. एक टन फत्तर कुटून त्यांतला कणन्‌कण काढितां आला, तर डझनभर शिवराया पडतील. मान्सफेल्डच्या टनभर दगडांत दोन हजार पडल्या असत्या. विखुरलेलें आणि सांठलेलें ह्यांतील अंतर तें हें.

ह्याच फत्तरानें लोखंड मात्र दिलें, हें येथें जातां जातां सांगितलें पाहिजे. पावसानें लाखों वर्षें धुवून धुवून ज्याचे इतर घटक नेले व लोखंड मागें ठेविलें तो जांभा दगड महाबळेश्वराच्या माथ्यावर आहे, आणि तेथील धावड लोक एकोणिसाव्या शतकापर्यंत त्यांतून लोखंड गाळीत. पुढें जंगलाचे निर्बंध आले, कोळसा मिळेना, व त्यांच्या भट्ट्या विझल्या. लोखंड गाळणारी जात सह्याद्रीनें पोसली. तांबें गाळणारी पोसली नाहीं. आमचा तांबट तांबें घडवितो, गाळीत नाहीं.

ही उणीव आजकालची नव्हे. पुणें जिल्ह्यांतच घोड नदीवर इनामगांव येथें डेक्कन कॉलेजानें १९६८ पासून जें उत्खनन केलें त्यांत तीन हजार वर्षांपूर्वींच्या शेतकऱ्यांचीं घरें निघालीं. त्या काळास ताम्रपाषाणयुग म्हणतात खरें, पण त्या नांवांतलें ताम्र थोडें आणि पाषाणच फार. प्रवरेकांठीं दायमाबादेस १९७४ सालीं मिळालेलीं रथ, हत्ती, गेंडा व रेडा हीं ओतींव चित्रें साठ किलोंहून अधिक भरतात. दख्खनच्या पठारावर एवढा धातु परक्या मुलखांतून येण्यावांचून गत्यंतर नव्हतें.

सतराव्या शतकांत तांब्याची ओढ सर्व हिंदुस्थानास लागली. अकबराच्या दामास राजपुतान्यांतील खाणींचा मोठा आधार होता. पुढें भाव चढत गेले, आणि १६६० नंतर थोड्याच वर्षांत औरंगजेबास त्या नाण्याचें वजन एक-तृतीयांशानें उतरवावें लागलें. ज्याच्या राज्यांत खाणी होत्या त्याची ही स्थिति. मग मावळांतून उठलेल्या राजानें काय करावें? त्यानें जें केलें त्यांत त्याची खरी दृष्टि दिसते, असें आमचें मत आहे. १६७४ च्या जून महिन्यांत रायगडीं राज्याभिषेक झाला तेव्हां हेन्री ऑक्झेंडन हा इंग्रज वकील तहाचीं कलमें घेऊन तेथें होता. इंग्रजांचें नाणें स्वराज्यांत चालावें असें त्यांतलें एक कलम. त्यास मिळालेल्या जबाबाचा आशय असा कीं, आम्ही कोणाच्या नाण्यास मनाई करीत नाहीं, पण ज्यांत रयतेस तोटा तें घेण्याची सक्तीहि तिच्यावर करणार नाहीं; कसास व वजनास उतरेल तें खुशाल चालावें. ज्याच्या हातीं खाण नाहीं पण टांकसाळ आहे, अशा राजाचें हें उत्तर आहे. सोन्याचा होन थोड्यांच्याच हातीं पडे. बाजारांतल्या सामान्य माणसाच्या हातीं राज्य पोंचविलें तें शिवराईनें.

वेंगुर्ल्यास डचांची वखार १६३७ पासून होती. १६४१ नंतर युरोपियनांपैकीं जपानांत व्यापाराची मोकळीक डचांनाच उरली होती, तीहि नागासाकीच्या देशिमा बेटापुरती. तेथून जपानी तांब्याच्या कांड्या भरून त्यांचीं जहाजें हिंदी बंदरांस येत. शिवराई पडली ती जुनीं परमुलखीं नाणीं आटवून आणि बंदरांवरून व सावकारांकडून तांबें घेऊन. ह्याहून निराळी वाट आम्हांस तरी दिसत नाहीं. कोंकणांतला माल वरंध घाटानें भोराकडे आणि मढे घाटानें वेल्ह्याकडे चढे. ह्या दोन तालुक्यांचा तांब्याशीं जुना संबंध आहे तो वाटेचा.

१६९१ सालीं जपानच्या शिकोकु बेटावर बेश्शीची प्रसिद्ध खाण सुरू झाली. समुद्रतळाच्या गाळांत व लाव्ह्यांत ऊन झऱ्यांनीं बसविलेलें तें तांबें पुढें डोंगरांत दुमडून वर आलेलें होतें. ती खाण १९७३ पर्यंत चालली. पण जपानच्या राज्यकर्त्यांस आपला धातु परदेशीं वाहून जात असल्याची धास्ती पडली, आणि १७१५ सालीं त्यांनीं डचांस वर्षाकांठीं दोनच जहाजांची परवानगी ठेविली. योगायोग असा कीं, त्याच सुमारास रामचंद्रपंत अमात्यांची आज्ञापत्रें लिहिलीं गेलीं. साहुकार ही राज्याची शोभा, त्याच्यामुळें न मिळणाऱ्या वस्तु राज्यांत येतात, असा त्यांतला उपदेश आहे, आणि टोपीकरांपासून सावध राहण्याचाहि आहे. एका देशानें धातु अडवून धरावा व दुसऱ्यानें साहुकारास जपावें, ह्यांत दोघांच्याहि दगडांची भाषा ऐकूं येते.

पुढचा भाग थोडक्यांत सांगतां येतो. अठराव्या शतकांत विलायती तांब्याची भर पडत गेली. मुंबई इलाख्यासाठीं १७९१ सालीं बर्मिंगहॅमजवळच्या सोहो येथें मॅथ्यू बोल्टनच्या वाफेच्या यंत्रांवर पाडलेले पैसे जहाजांनीं आले. इकडे पेशवाईंतली दुदांडी शिवराई हातोड्याखालींच पडत होती. पुण्याच्या कसबा पेठेंत तांबट आळीचा मठाराचा आवाज चालू राहिला, पण हातोड्याखालचे पत्रे पुढें सातासमुद्रांपलीकडचे झाले.

महाराष्ट्रांत तांबें नाहींच, असें मात्र कोणीं समजूं नये. काळ्या फत्तराचें पांघरूण संपून जुना खडक उघडा पडतो त्या पूर्व विदर्भांत, चंद्रपूर जिल्ह्यांतील ठाणेवासना येथें तें आहे. सरहद्दीपलीकडे बालाघाट जिल्ह्यांत मलंजखंडाची मोठी उघडी खाण १९८२ त सुरू झाली. हीं दोन्हीं ग्रॅनाइटाच्या कुळांतलीं, मान्सफेल्डच्या गाळाच्या कुळांतलीं नव्हत.

तांब्यांत शिशाचा अत्यल्प अंश असतो, आणि त्या शिशाच्या समस्थानिकांचें प्रमाण खाणीखाणीगणिक निराळें पडतें. त्यावरून धातूचें मूळ गांव ताडण्याची रीत आज प्रयोगशाळांत रूढ आहे. अनेकदां आटवून मिसळलेल्या धातूपुढें ती अडखळते हें खरें, तरी शिवराया एकदोन न तपासतां शेंकड्यांनीं तपासल्या तर जपानी, राजपुतानी व विलायती तांब्याच्या वांटण्या पाडतां याव्यात. त्याकरितां नाणें जसें सांपडलें तसें राहिलें पाहिजे. ज्यांच्या देव्हाऱ्यांत किंवा जुन्या पेटींत शिवराया असतील त्यांनीं त्या चिंच लावून घासूं नयेत; अक्षरें झिजतात आणि वरचा हिरवा थर जातो. एखादें नाणें कोणत्या गांवीं व कोणत्या शेतांत मिळालें हें घरच्या वडील माणसांस आठवत असेल, तर तें एका चिठोऱ्यावर लिहून त्या नाण्यासोबत ठेवावें.