‘दक्षिणेची मूठ, उत्तरेचा पाय’ : चिनी युद्धकलेतील लत्ताप्रहारांच्या नावांची साक्ष

चिनी मुष्टियुद्धाविषयी लिहिताना बहुतेक लेखक एका चार अक्षरी वचनाचा आधार घेतात. ‘नान छ्वान, बेइ थ्वेइ’ हे ते वचन होय. ‘दक्षिणेची मूठ, उत्तरेचा पाय’ असा त्याचा शब्दशः अर्थ आहे. उत्तर चीनमधील संप्रदाय लाथांवर भर देतात, दक्षिणेकडील संप्रदाय हातांवर, असे त्यातून सुचविले जाते. या भेदाची भौगोलिक उपपत्तीही सांगितली जाते. उत्तरेस विस्तीर्ण मैदाने व कोरडी भूमी, म्हणून लांब पल्ल्याच्या लाथा. दक्षिणेस नद्या, नावा, चिखलाची शेते व अरुंद गल्ल्या, म्हणून स्थिर पवित्रा आणि हातांचे काम, अशी ती उपपत्ती आहे. वचन सुटसुटीत असल्यामुळे ते प्रमाणासारखे उद्धृत होत आले. तथापि इतिहासाचा पुरावा म्हणून ते कितपत ग्राह्य आहे, याची छाननी होणे अगत्याचे आहे. या छाननीस सर्वांत उपयुक्त साधन म्हणजे लत्ताप्रहारांची नावे. युद्धकलेचे शिक्षण मुख्यतः मौखिक परंपरेने चालत आले. अशा परंपरेत उत्पत्तिकथा पुन्हा पुन्हा नव्याने रचल्या जातात; पवित्र्यांची नावे मात्र बदलली तरी जुन्या रूपाची खूण मागे ठेवतात.

१. प्राचीन उल्लेख

पायाच्या कौशल्याचा युद्धविद्येशी जोडलेला एक अतिप्राचीन उल्लेख ‘हानशू’ या इतिहासग्रंथात सापडतो. बान गू याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात रचलेल्या या ग्रंथात तत्कालीन वाङ्मयाची एक सूची आहे. तीत युद्धकौशल्याच्या वर्गात ‘शोउबो’, म्हणजे हातांनी लढण्याची विद्या, या विषयावरील ६ प्रकरणे आणि ‘त्सूज्यू’ या विषयावरील २५ प्रकरणे नोंदविलेली आहेत. त्सूज्यू हा पायाने चेंडू उडविण्याचा खेळ होय. दोन्ही ग्रंथ आज उपलब्ध नाहीत. परंतु चेंडूच्या खेळाची गणना सैनिकी शिक्षणात होत होती, एवढी गोष्ट या नोंदीवरून निश्चित होते. ‘त्सू’ या धातूचा अर्थ ‘पायाने ठोकरणे’ असा आहे. हाच धातू सुमारे दीड हजार वर्षांनी मिंग काळातील एका पवित्र्याच्या नावात पुन्हा भेटतो. यावरून खेळातून युद्धकलेत काही उतरले असे सिद्ध होत नाही. शब्द एक असला म्हणजे परंपरा एक असते असे नव्हे.

२. छी जिग्वांगची साक्ष

लत्ताप्रहारांविषयी निश्चित काळाचा व तपशीलवार पुरावा मिळतो तो मिंग सेनापती छी जिग्वांग याच्या ‘जिश्याव शिनशू’ या ग्रंथात. इ. स. १५६० च्या सुमारास लिहिलेल्या या सैनिकी ग्रंथातील मुष्टियुद्धाच्या प्रकरणात ३२ पवित्रे चित्रांसह व पद्यबद्ध वर्णनांसह दिलेले आहेत. प्रत्यक्ष रणांगणावर या विद्येचा फारसा उपयोग नाही, हे छी जिग्वांग मोकळेपणाने सांगतो. हातपाय चपळ करणे आणि नवशिक्याला शस्त्रविद्येच्या दाराशी आणणे एवढेच तिचे कार्य त्याने मानले आहे.

या प्रकरणाच्या प्रास्ताविकात त्याने समकालीन निष्णातांची एक यादी दिली आहे. तीत शांतुंग प्रांतातील ली बानथ्येन याचा पाय, ‘गरुडनखी’ वांग याची पकड, ‘सहस्रपाती’ जांग याची पाडण्याची कला आणि जांग बोजिंग याचा प्रहार अशी चार कौशल्ये ओळीने येतात. ‘बानथ्येन’ या टोपणनावाचा एक अर्थ ‘अर्धे आकाश’ असा होतो. त्यावरून या पुरुषाची लाथ उंच जात असावी, असे अनुमान करण्यास जागा आहे. पण ते अनुमानच होय. येथे महत्त्वाचे ते वर्गीकरण. लाथ, प्रहार, पाडणे आणि पकड ही चार अंगे पुढील काळात ‘थी, दा, श्वाय, ना’ या चौकडीच्या रूपाने रूढ झालेली दिसतात. छी जिग्वांगच्या मते एकाच अंगात निष्णात असणे हे न्यून आहे. ज्याचे वरचे अंग चांगले त्याचे खालचे उघडे पडते, म्हणून सर्व अंगांचा मेळ हवा, असा त्याचा आग्रह आहे.

चार निष्णातांपैकी केवळ पायाच्या निष्णातालाच प्रांताचे नाव जोडलेले आहे, आणि तो प्रांत उत्तरेचा आहे. ‘उत्तरेचा पाय’ या कल्पनेचे बीज येथे आहे, असे कोणी म्हणू शकेल. परंतु छी जिग्वांगचे घराणे स्वतः शांतुंगमधील होते. आपल्या प्रांताच्या माणसाची ओळख त्याने प्रांतासह द्यावी यात नवल नाही. उलट हा ग्रंथ ज्या काळात सिद्ध झाला, त्या काळात तो दक्षिणेकडील जज्यांग प्रांतात किनाऱ्यावरील चाच्यांशी लढत होता आणि १५५९ मध्ये यीवू येथील स्थानिक लोकांतून त्याने आपली नवी सेना उभारली होती. अशा परिस्थितीत तयार झालेल्या ३२ पवित्र्यांत लाथा भरपूर आहेत. दक्षिणेच्या सैनिकांना पायाचे काम मानवणार नाही, असे त्यात कोठेही सूचित केलेले नाही.

पवित्र्यांची नावे पाहिली असता हे अधिक स्पष्ट होते. ‘लोंबत्या पायाचे पोकळ आमिष’ या पवित्र्यात एक पाय उचलून प्रतिपक्षाला पुढे येण्याचा मोह घालावयाचा आणि तो बेसावध शिरला की पाय बदलून दुसऱ्याने मारावयाचे, अशी योजना आहे. ‘भुताची ठोकर’ या नावात वर उल्लेखिलेला ‘त्सू’ धातू येतो. तीत प्रतिपक्षाच्या आधी पाय टाकून पुढे झाडू फिरविल्यासारखा पाय फिरवावयाचा व लगेच हाताने मारावयाचे असते. ‘सोनेरी कोंबडा एका पायावर’ या पवित्र्यातही उचललेला पाय आणि आडवी मूठ यांची जोड आहे. तात्पर्य, पाय हा येथे हाताचा सोबती आहे. एकट्या लाथेवर विसंबलेली योजना विरळाच.

पहिल्या पवित्र्याचे नाव भाषाभ्यासकाला विशेष उद्बोधक आहे. ते ‘लान जा यी’, म्हणजे ‘आळसाने वस्त्र खोचणे’, असे आहे. पायघोळ अंगरख्याचा घोळ कमरेशी खोचला की पाय मोकळे होतात. लढण्यापूर्वीची ही कृती नावात टिकून राहिली आहे. हनान प्रांतातील छन घराण्याच्या थायजीछ्वान या मुष्टिविद्येत हेच नाव आढळते. त्यातून निघालेल्या यांग शाखेत मात्र त्या जागी ‘लान छ्वे वेइ’, म्हणजे ‘चिमणीची शेपटी धरणे’, असे नाव आहे. ऐकीव उच्चारावरून नवा अर्थ बसविला गेला, असे या बदलाचे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते. १९३० च्या दशकात थांग हाओ या संशोधकाने अशाच नामसाम्यांच्या आधारे छन घराण्याच्या विद्येवर छी जिग्वांगच्या पवित्र्यांचा ठसा असल्याचे प्रतिपादन केले.

३. क्रियापदांची व्यवस्था

आता प्रत्यक्ष लाथांच्या नावांकडे वळू गेल्यास त्यांतील क्रियापदे लक्ष वेधून घेतात. ‘थी’ हे लाथ मारण्याचे सामान्य क्रियापद. ‘थान’ म्हणजे गुडघा उचलून पुढील पाय स्प्रिंगसारखा उडविणे. ‘दंग’ म्हणजे पायाची बोटे मागे घेऊन टाचेने समोर रेटणे. सायकलचे पायटे मारण्यालाही चिनी भाषेत हेच क्रियापद वापरतात. ‘छ्वाय’ म्हणजे अंग कलते करून तळव्याने बाजूस लाथ मारणे. ‘साव’ हे केर झाडण्याचे क्रियापद जमिनीलगत पाय फिरवून प्रतिपक्षाचे पाय उडविण्याला लाविले जाते. ‘छ्वो’ म्हणजे टोकाने टोचणे. हे शब्द बहुतांशी घरगुती व्यवहारातले आहेत. पायाचा कोणता भाग लागतो, बल रेटण्याचे की झटक्याचे, दिशा सरळ की वर्तुळाकार, एवढे ते सांगतात. लाथ किती उंच जावी याविषयी ती मूक आहेत. उत्तर-दक्षिण भेदाच्या चर्चेत ज्या उंचीला एवढे महत्त्व दिले जाते, ती या व्यवस्थेत वर्गीकरणाचे तत्त्वच नाही.

४. एक उच्चार, तीन अक्षरे

उत्तरेच्या पायाचे उदाहरण म्हणून ‘थानथ्वेइ’ या अभ्यासक्रमाचा उल्लेख नेहमी येतो. सरळ रेषेत पुढे जात डाव्या-उजव्या अंगाने आलटून पालटून करावयाच्या छोट्या मालिका असे त्याचे स्वरूप आहे. ह्वेइ मुसलमान समाजात तो १० मालिकांचा, तर अन्यत्र १२ मालिकांचा आढळतो. या नावातील ‘थान’ हा उच्चार तीन निरनिराळ्या अक्षरांनी लिहिला जातो. एका अक्षराचा अर्थ ‘उसळणे’, दुसऱ्याचा ‘डोह’, आणि तिसरे हे एक आडनाव आहे. पहिल्या लेखनात लाथेचे वर्णन आहे. दुसऱ्यातून शांतुंगमधील लिनछिंग येथील लोंगथान, म्हणजे ‘ड्रॅगनचा डोह’, या मंदिरात एका भिक्षूने ही विद्या निर्माण केल्याची कथा उगम पावते. तिसऱ्यातून थान नावाच्या कोणा संस्थापकाची कल्पना करता येते. उच्चार कायम आणि अक्षर बदलते, तेव्हा अक्षराबरोबर इतिहासही बदलतो. अशा वेळी उत्पत्तिकथेहून उच्चार जुना मानणे अधिक सुरक्षित.

शांघाय येथे १९१० मध्ये स्थापन झालेल्या जिंगवू संघाने १२ मालिकांचा थानथ्वेइ प्राथमिक पाठ म्हणून स्वीकारला. संघाच्या शाखांबरोबर तो ग्वांगदोंगमध्ये आणि आग्नेय आशियातील चिनी वस्त्यांत पोहोचला. अशा रीतीने ‘उत्तरेचा पाय’ दक्षिणेतील हजारो विद्यार्थ्यांचा पहिला धडा झाला.

५. ‘थ्वेइ’ आणि ‘ज्याव’

वचनातील ‘थ्वेइ’ या शब्दाचाही विचार करावयास हवा. आजच्या प्रमाण चिनी भाषेत ‘थ्वेइ’ म्हणजे मांडीपासून घोट्यापर्यंतचा पाय आणि ‘ज्याव’ म्हणजे पाऊल. प्राचीन भाषेत मात्र ‘ज्याव’चा अर्थ ‘नडगी’ असा होता. तो पुढे खाली सरकला. कँटनच्या भाषेत हाच शब्द ‘ग्येक’ असा उच्चारला जातो आणि तो पाय व पाऊल या दोहोंना लागू पडतो. मराठीतील ‘पाय’ या शब्दाची व्याप्ती अशीच असल्याने मराठी वाचकास हे समजण्यास कठीण जाऊ नये. वोंग फेइहुंग याच्या नावाशी निगडित असलेली आणि १९४९ पासूनच्या हाँगकाँग चित्रपटांनी जगप्रसिद्ध केलेली ‘छायाहीन लाथ’ ही याच शब्दाने ओळखली जाते. हातांनी दृष्टी गुंतवून खालून नकळत मारलेली लाथ, असे तिचे स्पष्टीकरण करण्यात येते. विंग चुन संप्रदायातही नडगी, गुडघा यांवरील नीच लाथा आहेतच. ‘थ्वेइ’ हा शब्द शोधीत जाणाऱ्यास दक्षिणेत लाथा थोड्या दिसल्या, तर दोष शब्दकोशाचा असू शकतो.

या युक्तिवादाची मर्यादाही सांगितली पाहिजे. हबेइ प्रांतातील ‘छ्वोज्याव’ हा लाथांवर सर्वाधिक भर देणाऱ्या संप्रदायांपैकी एक होय, आणि त्याच्या नावात ‘थ्वेइ’ नसून ‘ज्याव’ आहे. म्हणजे शब्दांची वाटणीही उत्तर-दक्षिण अशी सरळ नाही. या संप्रदायाचे अनुयायी आपले नाते ‘जलतीर’ या प्रसिद्ध कादंबरीतील वू सोंगच्या ‘चक्रवाकी लाथे’शी जोडतात. कादंबरीत ते नाव आहे हे खरे. पण त्यावरून संप्रदायाचे वय ठरत नाही. नाव कथेतून घेतलेलेही असू शकते.

६. समारोप

परंपरेच्या मुखात दोन परस्परविरोधी म्हणी आहेत. हात ही केवळ दाराची दोन फळे असून मारावयाचे ते पायाने, असे एक म्हण सांगते. पाय उचलला की अर्धे अंग रिकामे पडते, असे दुसरी बजावते. त्या दोन्ही एकाच आखाड्यात ऐकू येतात, कारण त्या दोन प्रदेशांची वर्णने नसून एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत. उभ्या माणसाने एका पायावर राहून दुसऱ्याने मारावयाचे, तर लाभ किती आणि धोका किती, हा तो प्रश्न. संप्रदायांनी त्याला निरनिराळी उत्तरे दिली, आणि त्यांत प्रादेशिक कलही असेल. तो नाकारण्याचे कारण नाही.

मात्र कल आणि सीमारेषा यांत अंतर आहे. १९४९ नंतर चीनमध्ये स्पर्धांसाठी या विद्येची पुनर्रचना झाली. तीत उत्तरेकडील संप्रदायांवर आधारलेला, उंच लाथा व उड्यांचा ‘चांगछ्वान’ आणि दक्षिणेचा ‘नानछ्वान’ हे स्वतंत्र विभाग बनले. १९९० च्या बीजिंग येथील आशियाई क्रीडास्पर्धांत ते तसेच मांडले गेले. जे वचन पूर्वी ढोबळ निरीक्षण होते, त्याला अशा प्रकारे नियमावलीचे बळ मिळाले, आणि आजचा विद्यार्थी त्या नियमावलीतून भूतकाळाकडे पाहतो. मिंग सेनापतीने दक्षिणेत सिद्ध केलेल्या ग्रंथातील तो लोंबता पाय मात्र या विभागणीत कोठेच बसत नाही.