जुनी पदे, नवा गळा : मंगेशकर कुटुंबातील दोन गानश्रद्धांजली

दिवंगत गायकाची गाजलेली गाणी दुसऱ्या गायकाने आदरपूर्वक पुन्हा गाऊन ध्वनिमुद्रित करायची, या प्रकाराला आपण गानश्रद्धांजली म्हणतो. मराठी रसिकाच्या घरात याची दोन ठळक उदाहरणे सापडतात आणि योगायोगाने दोन्ही एकाच कुटुंबातील आहेत. पहिले, आशा भोसले यांनी गायलेली वडील मास्टर दीनानाथ मंगेशकर यांची नाट्यपदे. दुसरे, लता मंगेशकर यांचा 1992 साली एच.एम.व्ही.ने काढलेला 'श्रद्धांजली' हा संग्रह. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांत ही गाणी वारंवार गायिली जातात. ती कोणाची, आपल्यापर्यंत कशी आली आणि ऐकताना काय लक्षात ठेवावे, याची माहिती एकत्र असावी म्हणून हा लेख.

मास्टर दीनानाथ

दीनानाथांचा जन्म 29 डिसेंबर 1900 रोजी गोव्यातील मंगेशी येथे झाला. लहानपणीच ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. 1918 साली चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह त्यांनी बळवंत संगीत मंडळी काढली. गडकऱ्यांच्या 'भावबंधन'मधील लतिका, वीर वामनराव जोशी यांच्या 'रणदुंदुभी'तील तेजस्विनी, सावरकरांच्या 'संन्यस्त खड्ग'मधील सुलोचना या त्यांच्या गाजलेल्या स्त्रीभूमिका. शेवटच्या दोन नाटकांचे संगीत रामकृष्णबुवा वझे यांचे होते.

त्या काळी रंगभूमीवर बालगंधर्वांच्या लडिवाळ, संथ गायकीचा मोठा प्रभाव होता. दीनानाथांची वाट निराळी होती. उंच पट्टी, धारदार आवाज, पंजाबी ढंगाच्या झटकन वळणाऱ्या हरकती, चपळ तान आणि शब्दाची जोरकस फेक ही त्यांच्या गाण्याची ओळख. 'रणदुंदुभी' हे नाटक 1927 चे. त्यातील पारतंत्र्यावरचे 'परवशता पाश दैवे' हे पद ते असे गात की नाटकातल्या राज्याच्या गुलामीआडून प्रेक्षकाला आपल्या देशाची गुलामी दिसावी.

पुढे बोलपटांचा जमाना आला आणि नाटक कंपन्या बसल्या. बळवंत मंडळीने चित्रपटातही हात घालून पाहिला, पण कर्ज आणि आजारपण वाढत गेले. 24 एप्रिल 1942 रोजी पुण्यात दीनानाथांचे निधन झाले. वय अवघे 41. थोरली लता तेव्हा बारा वर्षांची, आशा आठ वर्षांची आणि हृदयनाथ तर साडेचार वर्षांचे होते.

मागे काय उरले? त्यांच्या मोजक्या तबकड्या. जुन्या 78 गतीच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. रंगमंचावर 'वन्स मोअर' घेत दहा-पंधरा मिनिटे रंगणारे पद तेवढ्यात आटोपावे लागे. त्यात त्या वेळच्या ध्वनिमुद्रणाची खरखर. म्हणजे रंगमंचावरचे दीनानाथ आपल्याला तबकडीतून मिळतात ते थोडेच.

आशाताईंनी गायलेली पदे

आशाताईंनी 'शूरा मी वंदिले', 'परवशता पाश दैवे', 'युवती मना' अशी वडिलांची पदे ध्वनिमुद्रित केली. पुढे ती कॅसेट आणि सीडीवर एकत्र मिळू लागली. आज पन्नाशीच्या आतल्या बहुतेक रसिकांना ही पदे आशाताईंच्याच आवाजात ठाऊक आहेत.

यातील 'शूरा मी वंदिले'चा प्रवास पाहण्यासारखा आहे. ते कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'मानापमान' नाटकातले. 12 मार्च 1911 रोजी किर्लोस्कर मंडळीने त्याचा पहिला प्रयोग केला, संगीत गोविंदराव टेंबे यांचे, आणि भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व. टेंबे यांनी नाटकातील अनेक चाली हिंदुस्थानी बंदिशी आणि ठुमऱ्यांवरून बांधल्या होत्या. पुढे दीनानाथांनी 'मानापमाना'तील पदे आपल्या आक्रमक ढंगाने गायली. त्यानंतर ती आशाताईंच्या गळ्यात आली. एकाच पदावर टेंबे, दीनानाथ आणि आशाताई असे थर चढले आहेत. आपण सहज 'आशाताईंचे गाणे' म्हणतो, तेव्हा खालचे थर नजरेआड जातात.

आशाताईंनी वडिलांची नक्कल केलेली नाही, हे दोन्ही मुद्रणे पाठोपाठ ऐकली की लगेच कळते. दीनानाथांचा झपाटा, अचानक वरच्या स्वरावर घेतलेली झेप आणि शब्दावरचा आघात त्यांनी ठेवला. पण शब्दोच्चार अधिक स्वच्छ, तान अधिक रेखीव आणि एकूण बांधणी नेमकी आहे. चित्रपटाच्या मायक्रोफोनपुढे वर्षानुवर्षे गायल्याची शिस्त त्यात दिसते. दीनानाथ समोरच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवण्यासाठी गात, आशाताईंना तशी गरज नव्हती. बँकेच्या भाषेत सांगायचे तर मुद्दल वडिलांचे, त्यावरची भर त्यांची.

एक गोष्ट त्यांच्या सोयीची होती. दीनानाथ स्त्रीभूमिका करत आणि उंच पट्टीत गात. त्यामुळे त्यांची पदे स्त्रीच्या गळ्याला जवळची होती. लतादीदींच्या संग्रहात मात्र हाच प्रश्न अवघड झाला.

लतादीदींची 'श्रद्धांजली'

दीनानाथांच्या घरात चित्रपटगीतांना फारसा प्रवेश नव्हता. अपवाद कुंदनलाल सैगल यांचा. सैगल यांची गाणी गायला वडिलांची हरकत नसे, असे लतादीदींनी मुलाखतींत सांगितले आहे. नवा रेडिओ घरी आणला आणि त्यावर सैगल गेल्याची बातमी ऐकू आली, म्हणून तो परत करून टाकला, ही आठवणही त्यांनीच सांगितलेली. सैगल 18 जानेवारी 1947 रोजी जालंधर येथे वारले. त्यांच्यासोबत गाण्याची संधी लतादीदींना कधीच मिळाली नाही.

1992 च्या 'श्रद्धांजली'त हे ऋण त्यांनी फेडले. दोन भागांच्या या संग्रहात सैगल आणि पंकज मलिक यांच्यासारखे आधीच्या पिढीतले गायक आहेत, तसेच गीता दत्त, मुकेश, मोहम्मद रफी, किशोर कुमार, हेमंत कुमार हे त्यांचे सहगायकही आहेत. गीता दत्त 1972 साली, मुकेश 1976 साली, पंकज मलिक 1978 साली, रफी 1980 साली, किशोर कुमार 1987 साली आणि हेमंत कुमार 1989 साली गेले. मुकेश तर लतादीदींबरोबर अमेरिकेच्या दौऱ्यावर असतानाच डेट्रॉइट येथे वारले. ज्यांच्याबरोबर शेकडो युगुलगीते गायली, त्यांची एकट्याची गाणी मागे राहिलेल्या गायिकेने गावीत, असा हा प्रसंग होता.

सैगल यांच्या गाण्यांत 'जिंदगी' (1940) चित्रपटातील 'सो जा राजकुमारी' आणि 'भक्त सूरदास' (1942) मधील 'नैनहीन को राह दिखा प्रभू' ही दोन आहेत. पहिल्याचे संगीत पंकज मलिक यांचे, दुसऱ्याचे ग्यान दत्त यांचे.

येथे अडचण पट्टीची येते. पुरुष साधारणपणे काळी एक-दोनमध्ये गातात, स्त्रिया काळी चार-पाचमध्ये. पुरुषाचे गाणे स्त्रीने घेतले की सबंध गाणे चार-पाच सूर वर सरकते. सैगल यांच्या खर्जातली ऊब, नाकातून येणारा तो विशिष्ट झंकार, मुकेश यांच्या आवाजातली कातरता, यांपैकी काहीही पट्टीबरोबर वर चढत नाही. शिवाय साथ 1992 ची. मूळ मुद्रणात मोजकी वाद्ये, या संग्रहात भरगच्च वाद्यमेळ. म्हणून काही जाणकारांना हा संग्रह रुचला नाही. मला त्यांचे म्हणणे अर्धेच पटते. वाद्यमेळ अंगावर येतो हे खरे. पण 'सो जा राजकुमारी'त लतादीदी सैगल होण्याचा प्रयत्न करत नाहीत. पुरुषाने गायलेली अंगाई त्या बाईच्या गळ्याने गातात आणि स्वर जिथे सैगल ठेवत तिथेच ठेवतात. श्रद्धांजलीत एवढेच अपेक्षित असते.

तिसरे एक उदाहरण

हाच प्रश्न पुढच्या पिढीतही आला. डॉ. वसंतराव देशपांडे यांच्या गायकीवर दीनानाथांचा खोल ठसा होता. वसंतराव 30 जुलै 1983 रोजी गेले, तेव्हा नातू राहुल देशपांडे चार वर्षांचेही नव्हते. म्हणजे आजोबांची गायकी त्यांच्याकडे मुख्यतः ध्वनिमुद्रणांतून आणि इतर गुरूंकडून आली. 1967 चे 'कट्यार काळजात घुसली' त्यांनी 2010 साली पुन्हा रंगभूमीवर आणले. 2015 च्या चित्रपटामुळे ती पदे नव्या मुलांपर्यंत पोहोचली. आठ वर्षांची आशा आणि चार वर्षांचे राहुल या दोघांच्याही बाबतीत तबकडी आणि टेप नसती, तर ही परंपरा एवढी नेमकी टिकली नसती.

लिपी, तबकडी आणि गळा

बडोद्याच्या आपल्या लोकांना या प्रश्नाची ओळख जुनी आहे. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने उस्ताद मौलाबक्ष यांनी 1886 साली येथे गायनशाळा सुरू केली आणि स्वरलेखनाच्या आधारे वर्गात गाणे शिकवायला घेतले. भारतातील पहिली अखिल भारतीय संगीत परिषदही 1916 साली बडोद्यातच भरली. गाणे कागदावर उतरवून टिकवता येईल का, हा वाद तेव्हापासूनचा आहे. आता उत्तर थोडे स्पष्ट दिसते. स्वरलिपी चाल टिकवते, तबकडी आवाज टिकवते आणि गानश्रद्धांजली ते गाणे गाते ठेवते. या तिन्ही गोष्टी लागतात, आणि एकीने दुसरीचे काम होत नाही.

आज धोका आहे तो तिसरीमुळे पहिल्या दोन विसरल्या जाण्याचा. नवे मुद्रण स्वच्छ असते, मोबाईलवर पहिल्यांदा तेच समोर येते. सावली, बडोदे आणि आसपास वाढलेली आपली मुले शाळेत गुजराती किंवा इंग्रजी शिकतात. मराठी नाट्यपद त्यांच्या कानावर पडते ते घरी किंवा मंडळात. तिथेही मूळ गायकाचे नाव घेतले गेले नाही, तर त्यांना ते दुसरीकडे कुठे कळणार? लतादीदींच्या आई माई मंगेशकर या खानदेशातील थाळनेरच्या गुजराती लाड कुटुंबातल्या. त्या घरात मराठी नाट्यसंगीत टिकले, कारण वडिलांची पदे घरात पुन्हा पुन्हा गायली गेली आणि ती कोणाची हे प्रत्येकाला माहीत होते.

कार्यक्रमासाठी काही सूचना

1. गाण्यापूर्वी निवेदकाने नाटक किंवा चित्रपट, साल, नाटककार अथवा गीतकार, संगीतकार आणि मूळ गायक ही माहिती सांगावी. त्यानंतर, आज कोणाच्या मुद्रणावरून गाणे बसवले आहे तेही सांगावे. अर्धा मिनिट पुरतो.

2. गाणे बसवताना आधी जुने मुद्रण ऐकावे, मग नवे. उलट क्रमाने ऐकले तर जुने मुद्रण फक्त खरखरीत वाटते आणि त्यातले बारकावे कानाआड होतात.

3. मुलामुलींनी आपल्या पट्टीतच गावे. दीनानाथांची झेप आवडली म्हणून आवाज ताणू नये. चाल, ताल आणि शब्दांचा जोर सांभाळला तरी पुष्कळ आहे.

4. घरात जुन्या तबकड्या, टेप किंवा कॅसेट असतील तर रद्दीत देण्यापूर्वी त्यांवरील नावे आणि क्रमांक वहीत उतरवून ठेवावेत, आणि शक्य असल्यास त्यांची डिजिटल प्रत करून घ्यावी. आजी-आजोबांनी कोणते नाटक कुठे पाहिले, कोणते पद घरात गायले जाई, हेही त्याच वहीत लिहावे.

आपल्या सावलीत पिलाजीराव गायकवाडांचे स्मारक आहे. 1732 साली डाकोरला त्यांची हत्या झाली आणि अंत्यसंस्कार येथे झाले. स्मारकाजवळून जाताना नाव माहीत असेल तरच हात जोडले जातात. गाण्याचेही तसेच आहे. दीनानाथांची पुण्यतिथी 24 एप्रिलला असते. त्या दिवशी घरी 'परवशता पाश दैवे' आधी वडिलांच्या आणि मग मुलीच्या आवाजात लावावे, आणि दोन्ही नावे मुलांना सांगावीत.