कोपऱ्यातले तिघे

मार्कान्तोनियो राइमोन्दीच्या ‘पॅरिसचा निवाडा’ या छापचित्रात नजर आधी डावीकडे जाते. तीन देवींमध्ये सर्वांत सुंदर कोण हे ठरवणारा ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस व्हीनसच्या हाती सफरचंद देतो आहे, शेजारी युनो संतापली आहे, मिनर्व्हा पाठमोरी उभी आहे. पण काळाच्या ओघात सर्वांत दूर पोहोचले ते उजव्या कोपऱ्यात निवांत बसलेले तिघे: दोन नदीदेव आणि एक जलदेवता.

त्यांचं मूळ रोममधल्या प्राचीन संगमरवरी शवपेट्यांवरच्या कोरीव कामात आहे. त्यातली एक शिळा आज व्हिला मेदिचीच्या भिंतीत बसवलेली दिसते. चित्रकार राफाएलने त्या आकृत्या उचलल्या, पण त्यांचं रंगचित्र केलं नाही. १५१० ते १५२० या दशकात त्याने रेखाटन केलं ते मुळातच छापण्यासाठी, आणि मला ही घटना फार मोठी वाटते. बोलोन्याकडून आलेल्या मार्कान्तोनियोने ते तांब्याच्या पत्र्यावर कोरलं. हात सोनारकामात तयार झालेला; अंगांची गोलाई त्याने नुसत्या वळणदार, एकमेकींना छेदणाऱ्या रेघांनी उभी केली. याच माणसाने पूर्वी जर्मन चित्रकार ड्यूररच्या लाकडी ठशांच्या चित्रांची नक्कल त्याच्या सहीचिन्हासकट केली होती. इथे मात्र कल्पना राफाएलची असल्याचं चित्रावरच कोरलं आहे आणि मार्कान्तोनियोची आद्याक्षरंही आहेत. दोघांचा वाटा वेगवेगळा नोंदवला गेला.

कागद हलका, नेण्याआणण्याला सोपा. मार्को देन्ते या दुसऱ्या कोरीवकाराने या चित्राची नक्कल कोरली, इटलीतल्या रंगीत मातीच्या थाळ्यांवरही हा प्रसंग उतरला. १५२७ साली रोमची लूट झाली, तीत मार्कान्तोनियो धुळीला मिळाला. त्याची चित्रं मात्र युरोपभर फिरत राहिली.

१८६३ साली पॅरिसमध्ये नाकारलेल्या चित्रांच्या प्रदर्शनात एदुआर माने यांचं ‘गवतावरचं भोजन’ लागलं आणि लोक खवळले. कोट घातलेले दोन पुरुष, जवळ एक विवस्त्र स्त्री. बसण्याची ढब थेट त्या कोपऱ्यातली. नदीदेवाच्या हातातल्या बोरूची काठी झाली. जलदेवता पाहणाऱ्याकडे बघते, तशी ही स्त्रीही बघते. देवपण तेवढं गेलं, आणि लोकांना खुपलं ते नेमकं हेच. एर्नेस्त शेनो या समीक्षकाने पुढच्याच वर्षी हे उसनेपण दाखवून दिलं, तरी ते विस्मरणात गेलं; १९०८ साली कलाइतिहासकार गुस्ताव पाउली यांना ते नव्याने मांडावं लागलं.

नंतर पिकासोने माने यांच्या चित्राच्या १९५९ पासून अनेक आवृत्त्या रंगवल्या आणि १९६२ मध्ये हीच मंडळी लिनोलियमवर कोरून छापली.