नाण्यावरचा गरुड, घरट्यातला गरुड

‘बाल्ड ईगल’ म्हणजे टकला गरुड, असं आपण सरळ भाषांतर करून टाकतो. पण हा पक्षी टकला नाही. त्याच्या डोक्यावर पांढरीशुभ्र पिसं असतात. १७८२ मध्ये अमेरिकेनं त्याला आपल्या राजमुद्रेवर बसवलं. पुढं तो नाण्यांवरही आला. मान एवढा मोठा, पण जिवंत पक्ष्याच्या वाट्याला मात्र गोळीच आली. साल्मन मासे खातो म्हणून मच्छीमारांचा त्याच्यावर राग. अलास्कात तर १९१७ पासून सुमारे पस्तीस वर्षं सरकारी बक्षीसच होतं. मारलेल्या गरुडाचे पाय आणून दाखवा आणि पैसे घेऊन जा! तिथं एक लाखाहून अधिक गरुड मारले गेले. १९४० मध्ये गरुडांच्या संरक्षणाचा कायदा झाला, पण त्यातूनही अलास्का वगळलेलं होतं.

मग दुसरं संकट आलं. डीडीटी आपल्याला मलेरियाच्या फवारणीमुळं ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत त्याची बेसुमार फवारणी झाली. ते पाण्यात उतरलं, पाण्यातून माशांत आणि माशांतून गरुडांत गेलं. त्यामुळं अंड्याचं कवच पातळ होई. मादी ऊब द्यायला बसली, की तिच्याच वजनानं अंडं फुटे. १९६३ मध्ये अलास्का सोडून उरलेल्या अमेरिकेत गरुडांच्या पाचशेही जोड्या उरल्या नव्हत्या.

त्याआधीच, १९६२ मध्ये, राशेल कार्सन या लेखिकेनं ‘सायलेंट स्प्रिंग’ लिहून धोक्याची घंटा वाजवली होती. १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली आणि पुढच्याच वर्षी संकटग्रस्त प्रजातींचा कायदा झाला. १९७६ पासून न्यूयॉर्क राज्यात बाहेरून पिल्लं आणून उंच मचाणावर वाढवली गेली. माणसाची सवय लागू नये म्हणून माणसं आडोशानं त्यांना मासे भरवत. तेरा वर्षांत अशी १९८ पिल्लं आकाशात सोडली. त्यातली बहुतेक आली होती अलास्कातून. जिथं गरुड मारल्याचं बक्षीस मिळे, तिथलीच!

२००७ मध्ये गरुड संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर आला. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या मोजणीत, अलास्का वगळून, ७१,४०० जोड्या आढळल्या. २०२४ च्या डिसेंबरात तो कायद्यानं राष्ट्रीय पक्षी ठरला. तरी शिकाऱ्यांच्या गोळ्यांतलं शिसं, टाकून दिलेल्या मांसातून, आजही त्याच्या पोटात जातं. राजमुद्रेनं त्याला कधी वाचवलं नाही. वाचवलं ते विषावरच्या बंदीनं, आणि आडोशाला उभं राहून मासे भरवणाऱ्या हातांनी.