आधी तपासणी कोणाची झाली?

काही वर्षांपूर्वी मी वालूरला, परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात, तिथली गोल पायऱ्यांची जुनी बारव पाहायला गेले होते. परतताना एसटीत शेजारी एक आजी बसल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "माझा भाचा त्या रोगानं गेला, बाई. बायकोनंच आणला घरात. बाळंतपणाच्या वेळी तिच्याच रक्तात आधी निघाला ना!"

रोग म्हणजे एड्स. आणि ही समजूत एकट्या आजींची नाही. ती आली कुठून?

भारतात एचआयव्हीची लागण पहिल्यांदा सापडली 1986 मध्ये, तेव्हाच्या मद्रासमध्ये. हा शोध लावला डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासमधल्या मराठी कुटुंबातल्या. तपासलेलं रक्त वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांचं होतं. लोकांनी त्यातून भलताच अर्थ काढला: हा रोग 'वाईट बाई'चा.

पुढे पुण्यातल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी 1993 ते 1996 या काळात गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या 916 स्त्रिया तपासल्या. त्यांपैकी 391 जणी या व्यवसायातल्या नव्हत्या. तरी त्यांच्यात शंभरातल्या 13.6 जणींना लागण झालेली होती. बहुतेकींचा संबंध फक्त स्वतःच्या नवऱ्याशी. दवाखान्यात आलेल्यांचे हे आकडे सगळ्या समाजाला लागू होत नाहीत. पण 1997 मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि पतिव्रतेला धोका नाही, हा समज खोटा ठरला.

शरीरात घडतं ते असं. योनीमार्गाचं अस्तर अनेक थरांचं असतं. गर्भाशयमुखाच्या आतल्या बाजूचं मात्र एकाच थराचं, नाजूक. या भागात रोगांशी लढणाऱ्या पेशी राखणीला असतात. त्यांतल्या सीडी-4 पेशींनाच हा विषाणू चिकटतो, आत शिरतो आणि पेशीच्या जनुकांत आपली जनुकं मिसळतो. मग ती राखणदार पेशीच नवे विषाणू तयार करू लागते. गुप्तरोगामुळे तिथं जखम किंवा सूज असेल, तर विषाणूला वाट मिळते आणि अशा पेशीही तिथं जास्त जमा होतात. नवऱ्याकडून आलेला असा आजार बाईला दुहेरी घातक ठरतो. यात तिच्या वागणुकीचा प्रश्न येतोच कुठं?

आपल्याकडे 1 एप्रिल 2004 पासून सरकारी केंद्रांत मोफत औषधं मिळू लागली. ती नियमित घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. गरोदरपणी वेळेवर औषध सुरू केलं, तर बाळही बहुधा वाचतं. म्हणून तपासणी दोघांनी करावी, आणि लवकर करावी.

मी म्हटलं, "आजी, बाळंतपणात तपासणी तिची झाली, म्हणून तिचं आधी कळलं. कळलं आधी म्हणजे झालं आधी, असं नाही."

आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "त्याची तर कोणी केलीच नव्हती."